एकही टप्पा न जिंकता टूर द फ्रान्स जिंकता येते, ती कशी?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. आधी शहरात छोटी प्रोलॉग, म्हणजे प्रत्येकानं एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध मारलेली फेरी, आणि पुढे चार दिवसांत चार टप्पे. सगळं मिळून ४३७ किलोमीटर. मुळशी-मावळपासून पुरंदर-बारामतीपर्यंतचे रस्ते एकदम टीव्हीवर दिसले, आणि आजवर सायकल शर्यत म्हणजे "जो पुढे तो जिंकला" एवढंच माहीत असलेल्या पुष्कळ लोकांच्या मनात प्रश्न उभे राहिले. सगळे एकाच घोळक्यात का चाललेत? आघाडीवर असलेला खेळाडू घोळक्याच्या मध्येच का लपून बसलाय? रोज वेगळा माणूस टप्पा जिंकतो, मग शर्यत नक्की कोण जिंकतंय?

हेच प्रश्न दर जुलैत टूर द फ्रान्स सुरू झाली की पडतात. तीन आठवडे, २१ टप्पे, सव्वातीन ते साडेतीन हजार किलोमीटर, मध्ये फक्त दोन दिवस विश्रांती. या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, आणि ती म्हणजे समोरून येणारा वारा. वारा नीट समजला तर घोळका का असतो, संघ का लागतो, मधूनच कुणी पळून का जातं आणि घाटात सगळं चित्र का पालटतं, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. पण आधी मोजणी कशी होते ते पाहू.

जिंकलं कोण, हे ठरतं कसं?

शाळेत वर्गात पहिला येणारा मुलगा प्रत्येक विषयात पहिला असतोच असं नाही. गणितात कुणी वेगळा, मराठीत कुणी वेगळी, आणि याचा एकाही विषयात पहिला नंबर नाही, तरी बेरीज सगळ्यांत जास्त. टूरचंही तसंच, फक्त इथे गुणांऐवजी वेळ मोजतात आणि बेरीज सगळ्यांत कमी असावी लागते. रोजच्या टप्प्याला लागलेला वेळ जोडत जायचा. ज्याचा एकूण वेळ सर्वांत कमी, त्याच्या अंगावर दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी. शेवटच्या दिवशी ती ज्याच्याकडे राहील, तो विजेता.

म्हणून २०१७ मध्ये ब्रिटनच्या ख्रिस फ्रूमनं एकही टप्पा न जिंकता टूर जिंकली. दुसऱ्यापेक्षा तो ५४ सेकंदांनी पुढे होता. आणि उलट बाजूला मार्क कॅव्हेंडिश. या माणसानं टूरमध्ये ३५ टप्पे जिंकले, ते इतिहासात कुणालाही जमलेलं नाही. पण एकूण वेळेच्या शर्यतीत तो कधी स्पर्धेतही नव्हता. तो शेवटच्या दोनशे मीटरचा राजा होता. डोंगर लागला की तो फक्त वेळेत पोहोचण्याची धडपड करायचा.

मोजणीत दोन बारकावे आहेत, आणि ते माहीत नसले तर बाकी काही कळणार नाही. पहिला: एकसंध घोळका रेषेवर आला, तर त्यातल्या सगळ्यांना त्या घोळक्यातल्या पहिल्या माणसाचीच वेळ देतात. पहिला आणि एकशे दहावा, दोघांची वेळ तीच. मध्ये मोकळी फट पडली तरच वेळ वेगळी. दुसरा: सगळे एकत्र सुटतात अशा टप्प्यांवर पहिल्या तिघांच्या वेळेतून अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंद वजा करतात. सव्वातीन हजार किलोमीटरच्या शर्यतीत दहा सेकंदांनी काय होतंय, असं वाटेल. काय होतं ते पुढे येतंच आहे.

सगळे एकत्र का चालतात?

सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरनं सायकल चालवणारा माणूस जी ताकद लावतो, तिच्यातला ८० ते ९० टक्के वाटा समोरची हवा बाजूला सारण्यात जातो. टायर, साखळी, रस्ता, हे सगळं उरलेल्यात. आणि हवेचा हिशेब निर्दयी आहे. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि लावावी लागणारी ताकद आठपट. त्यामुळे ताशी ४० वरून ४५ वर जाणं हे २० वरून २५ वर जाण्यापेक्षा फार जड.

पण पुढे कुणी असेल तर? तो हवा फोडतो, त्याच्या पाठीमागे शांत हवेचा एक पट्टा तयार होतो, आणि त्या पट्ट्यात चाक घालून चालणाऱ्याची जवळपास एक तृतीयांश मेहनत वाचते. सायकलवाले याला ड्राफ्टिंग म्हणतात. दोघांच्या चाकांत वीतभर अंतर, आणि तेवढ्यावर तासन्‌तास चालायचं.

ही गोष्ट दीडशे-पावणेदोनशे जणांवर नेली की पेलोटॉन तयार होतो, म्हणजे शर्यतीतला मुख्य घोळका. बेल्जियन संशोधक बर्ट ब्लोकेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या पेलोटॉनचा हवेच्या दृष्टीनं अभ्यास मांडला. घोळक्याच्या मधल्या-मागच्या भागातल्या माणसाला लागणारा हवेचा विरोध एकट्या चालणाऱ्याच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के असू शकतो, असं त्यातून दिसलं. म्हणजे बाहेरच्याला घाम फुटलेला असताना आतला माणूस त्याच वेगानं चालता चालता शेजाऱ्याशी बोलू शकतो. खिशातून काही काढून खाऊ शकतो. आणि खावंच लागतं. अवघड टप्प्यावर दिवसाला पाच हजारांहून जास्त कॅलरी जळतात, आणि संध्याकाळच्या जेवणावर ती भरपाई होत नाही.

आता पिवळ्या जर्सीचा माणूस मध्ये का लपतो ते उघड आहे. पुढे राहून त्याला काही मिळायचं नाही, कारण घोळक्यातल्या सगळ्यांना वेळ तीच मिळणार. मध्ये राहून त्याची ताकद वाचते, आणि ती त्याला डोंगरासाठी हवी असते.

मग सगळे मागेच बसून का राहत नाहीत?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. सगळ्यांनी मागे बसायचं ठरवलं तर शर्यतच थांबेल. ती थांबत नाही, कारण प्रत्येक संघाचा त्या दिवशीचा स्वार्थ वेगळा असतो.

ज्या संघाकडे डोंगरात टिकणारा माणूस नाही आणि शेवटच्या धावेत जिंकणाराही नाही, तो सकाळीच दोन-चार जणांना पुढे पळवतो. हे पळून गेलेले आलटून पालटून पुढे येऊन हवा फोडतात. पेलोटॉन त्यांना मुद्दाम जाऊ देतो, एका अटीवर: त्यांच्यातला कुणी एकूण वेळेत धोकादायक नसावा. मग मागे ज्या संघांकडे वेगवान स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या धावेत जिंकणारा माणूस आहे, ते आपली माणसं पुढे लावून हळूहळू अंतर कापत आणतात. पाच मिनिटं, तीन, दीड. अनेकदा रेषा पाच-सहा किलोमीटरवर असताना पळालेले पकडले जातात. हे पाहताना जीव कळवळतो, पण चार जणांपुढे दीडशे जणांची हवा फोडण्याची ताकद नेहमीच भारी.

कधी हिशेब चुकतो. २००६ मध्ये मॉन्तेलिमारच्या टप्प्यावर स्पेनचा ऑस्कर पेरेइरो पळाला, तेव्हा तो एकूण वेळेत जवळपास २९ मिनिटं मागे होता. अमेरिकेचा फ्लॉइड लँडिस पिवळ्या जर्सीत होता, आणि जर्सी राखायची तर त्याच्या संघाला रोज पेलोटॉनच्या तोंडाशी राहून वारा झेलावा लागणार होता. ते ओझं काही दिवस दुसऱ्यानं उचलावं, म्हणून त्यांनी पेरेइरोला सोडून दिलं. तो जवळपास ३० मिनिटं आधी पोहोचला आणि पिवळी जर्सी घालून बसला. पुढे लँडिसनं ती परत मिळवली, पॅरिसला तो जिंकला, आणि काही दिवसांतच तो उत्तेजक चाचणीत सापडला. विजेतेपद पेरेइरोकडे आलं. एका दिवसाची मोकळीक पेरेइरोला शेवटी अख्खी टूर देऊन गेली.

वारा बाजूनं असेल तर वेगळाच प्रकार होतो. मग शांत पट्टा पाठीमागे पडत नाही, तिरका पडतो. सायकलस्वार रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकी रांग धरतात. पण रस्त्याची रुंदी ठरलेली. दहा-पंधरा माणसं मावली की सोळाव्याला आडोसा नाही. तो रस्त्याच्या कडेला एकटा वाऱ्यात. त्याच्या पुढे फट पडते, त्याच्या मागचे सगळे त्याच्यासोबत तुटतात, आणि डोंगर नाही, पाऊस नाही, तरी टूरचा दावेदार दीड मिनिट गमावून बसतो. म्हणून मोकळ्या माळरानावरचा सपाट टप्पा कंटाळवाणा समजून टीव्ही बंद करू नये. झाडांची पानं कुठल्या बाजूला हलताहेत ते बघावं.

वेळेचं अंतर पडतं कुठे?

दोन ठिकाणी. घाटात आणि टाइम ट्रायलमध्ये.

घाटात वेग ताशी वीसवर येतो. वेग उतरला की हवेचं महत्त्व उतरतं, आणि लढाई गुरुत्वाकर्षणाशी सुरू होते. आता मागे लपून फारसं वाचत नाही. प्रत्येकाला आपलं वजन स्वतःच वर ओढायचं असतं. म्हणून डोंगरात जिंकणारे साठ-पासष्ट किलोचे, हडकुळे दिसणारे, आणि स्प्रिंट जिंकणारे भरलेल्या मांड्यांचे. टूरमधली चढण म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून सांगतो: पिरेनीजमधल्या टुरमाले खिंडीचा रस्ता समुद्रसपाटीपासून २११५ मीटरवर जातो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. आल्प्समधला आल्प द्युएझचा घाट जवळपास १४ किलोमीटर, २१ वळणं, सरासरी चढ ८ टक्क्यांच्या वर, आणि त्या दिवशी त्याआधी दोन मोठे घाट होऊन गेलेले असतात.

जड अंगाचे स्प्रिंटर अशा दिवशी मागे एकत्र जमतात आणि संथ, हिशेबी चालीनं वर येतात. त्यांना जिंकायचं नसतं, बाद व्हायचं नसतं. प्रत्येक टप्प्याला वेळमर्यादा असते, विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्के जास्त. ती हुकली तर दुसऱ्या दिवशी शर्यतीत जागा नाही. कॅव्हेंडिशच्या ३५ टप्प्यांमागे अशा कितीतरी दुपारी आहेत, जेव्हा तो शेवटच्या काही जणांत, घड्याळाकडे बघत, घाट चढत होता. मला तर त्याच्या विक्रमात हाच भाग जास्त मोठा वाटतो.

टाइम ट्रायलमध्ये माणसं ठरावीक अंतरानं एकेकटी सुटतात. पुढे कुणी नाही, मागे लपायला जागा नाही. १९८९ ची टूर इथेच ठरली. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसच्या शाँझेलिझेपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडनं हँडलला पुढे आलेले दांडे जोडले होते, कोपर जवळ घेऊन, पाठ सपाट करून बसता येईल असे, आणि डोक्यावर मागे निमुळतं होणारं हेल्मेट. फिन्याँ नेहमीच्या हँडलवर, डोक्यावर काही नाही, पोनीटेल वाऱ्यावर. लेमाँडनं त्याच्याहून ५८ सेकंद कमी घेतले. तीन आठवडे, ८७ तासांहून जास्त सायकल चालवून झाल्यावर दोघांत फरक उरला ८ सेकंदांचा. पुरुषांच्या टूरमध्ये इतकं कमी अंतर आजवर दुसऱ्यांदा पडलेलं नाही.

जिंकतो एक, मग आठ जणांचा संघ कशाला?

टूरमध्ये एका संघात आठ जण असतात. त्यांतला एक नेता. बाकीचे बहुतेक जण डोमेस्टिक, म्हणजे त्याच्यासाठी राबणारे. त्यांचं काम टीव्हीवर नीट बघितलं तर थक्क व्हायला होतं.

उन्हाळ्यातल्या लांब टप्प्यावर एक डोमेस्टिक घोळक्यातून मागे सरकतो, संघाच्या गाडीजवळ येतो. गाडीतून पाण्याच्या बाटल्या बाहेर येतात. दोन सायकलच्या स्टँडवर, तीन पाठीच्या खिशांत, एक-दोन जर्सीत मानेमागून आत. पाच-सहा किलो वाढलेलं वजन घेऊन तो पुन्हा दीडशे जणांतून वाट काढत पुढे जातो आणि एकेक बाटली वाटतो. हे दिवसातून अनेकदा. मग पेलोटॉनच्या तोंडाशी जाऊन वारा झेलायचा. घाटाच्या पायथ्याशी नेत्याला पुढच्या रांगेत आणून सोडायचं. आणि त्याचं चाक पंक्चर झालं व गाडी दूर असली, तर आपलं चाक काढून द्यायचं.

या शेवटच्या कामाची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत बोचरी गोष्ट १९३४ ची आहे. फ्रान्सचा रेने व्हिएतो तेव्हा वीस वर्षांचा होता, पहिलीच टूर, डोंगरात त्याच्यासारखा चढणारा कुणी नव्हता. पिरेनीजमधल्या उतारावर त्याच्या संघाचा नेता आंतोनँ मान्ये याचं चाक मोडलं. व्हिएतोनं आपलं पुढचं चाक त्याला दिलं आणि मदतीची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून रडत राहिला. तो फोटो फ्रान्सभर गाजला. दुसऱ्या दिवशी मान्येची सायकल पुन्हा बिघडली. व्हिएतो पुढे निघून गेला होता. निरोप कळल्यावर तो वळला, उतरलेला घाट उलटा चढून आला आणि या वेळी अख्खी सायकल त्याला देऊन टाकली. टूर मान्येनं जिंकली. व्हिएतो पाचवा आला, आणि पुढे कधीही टूर जिंकला नाही.

संघ नसला तर काय होतं, याचं ताजं उदाहरण महिलांच्या टूरमध्ये आहे. २०२२ पासून महिलांची टूर द फ्रान्स नव्या रूपात होते. २०२४ ला ती आठ टप्प्यांची होती. नेदरलँड्सची देमी व्होलेरिंग पिवळ्या जर्सीत होती. पाचव्या टप्प्यावर, रेषा सहा-सात किलोमीटरवर असताना ती पडली. नियम असा की अगदी शेवटच्या टापूत, सहसा तीन किलोमीटरच्या आत, पडलं तर सोबतच्या गटाचीच वेळ मिळते. ती त्याच्या बाहेर पडली होती. संघातल्या सोबतिणी पुढे निघून गेलेल्या, त्यांतल्याच एकीनं तो टप्पा जिंकला, आणि व्होलेरिंगला बराचसा पाठलाग एकटीनं वाऱ्यात करावा लागला. १ मिनिट ४७ सेकंद गेले. पिवळी जर्सी पोलंडच्या कासिया निएवियादोमाकडे गेली.

शेवटच्या दिवशी शेवट आल्प द्युएझच्या माथ्यावर होता. व्होलेरिंग १ मिनिट १५ सेकंदांनी मागे. तिनं टप्पा जिंकला. निएवियादोमा तिच्यानंतर १ मिनिट १ सेकंदानं, चौथी आली. राहिले १४ सेकंद. जिंकल्याबद्दल व्होलेरिंगला १० सेकंदांची सूट. राहिले ४. चार सेकंदांनी निएवियादोमा टूर जिंकली, त्या वर्षी एकही टप्पा न जिंकता. पाचव्या टप्प्यावर दोन सोबतिणी थांबल्या असत्या आणि तिच्यापुढे वारा फोडत त्यांनी तिला आणलं असतं, तर? सायकलिंगच्या जगात यावर खूप वाद झाला. माझं मत विचाराल तर टूर त्याच सहा-सात किलोमीटरमध्ये गेली.

राबायचं यांनी, नाव त्याचं. हा अन्याय नाही का?

बाहेरून तसं दिसतं खरं. पण डोमेस्टिक हा पगारी व्यावसायिक असतो आणि त्याला त्याच कामासाठी घेतलेलं असतं. टूरच्या विजेत्याला ५ लाख युरोचं बक्षीस मिळतं. ते तो सहसा स्वतःकडे ठेवत नाही, संघात आणि मेकॅनिक, मालिशवाले यांच्यात वाटलं जातं. चांगल्या डोमेस्टिकला मोठे संघ शोधत असतात. शिवाय फ्रूम स्वतः २०१२ मध्ये ब्रॅडली विगिन्ससाठी राबला होता. पुढच्याच वर्षी तो स्वतः जिंकला. तरीही, ज्यांच्यात जिंकण्याची धमक होती आणि ज्यांना संघाच्या आज्ञेनं थांबावं लागलं, त्यांचं दुःख पगारानं भरून निघत नाही. व्हिएतोचं नाव फ्रान्स अजून विसरलेला नाही, आणि ते जिंकल्यामुळे नव्हे.

बाकीच्या जर्सी कशासाठी?

हे पटकन सांगून टाकतो. पिवळा रंग आला तो टूर सुरू करणाऱ्या वर्तमानपत्रावरून. १९०३ मध्ये ल'ऑटो या क्रीडा दैनिकानं खप वाढवण्यासाठी ही शर्यत काढली; त्याचा कागद पिवळा होता, आणि १९१९ मध्ये आघाडीवीराला त्याच रंगाची जर्सी देणं सुरू झालं. हिरवी जर्सी गुणांची, बहुधा स्प्रिंटरकडे जाते. पांढरी तरुणांतल्या सर्वांत वेगवान माणसाला. आणि लाल ठिपक्यांची जर्सी डोंगरांच्या माथ्यांवर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला. मुंबई-पुणे शर्यत पाहत वाढलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. बोरघाट सगळ्यांत आधी चढून येणाऱ्याला आपल्याकडे "घाटाचा राजा" म्हणतात. ठिपक्यांची जर्सी म्हणजे फ्रान्सच्या सगळ्या घाटांचा राजा.

हे सगळे औषधं घेऊनच चालवतात ना?

सायकलिंगचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच, आणि तो विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. लान्स आर्मस्ट्राँगनं १९९९ ते २००५ सलग सात टूर जिंकल्या. २०१२ मध्ये सातही काढून घेतल्या गेल्या, आणि त्या वर्षांचे विजेते म्हणून दुसऱ्या कुणाचीही नावं लावली नाहीत. नोंदींत ती सात वर्षं आजही रिकामी आहेत. १९९८ मध्ये तर एका संघाच्या गाडीतच औषधांचा साठा सापडला होता.

त्यानंतर काय बदललं? २००८ पासून प्रत्येक खेळाडूच्या रक्ताच्या घटकांची वर्षानुवर्षांची नोंद ठेवतात, तिला बायोलॉजिकल पासपोर्ट म्हणतात. एखादं द्रव्य सापडलं नाही तरी रक्ताचे आकडे अचानक उड्या मारू लागले तर जाब विचारता येतो. यामुळे खेळ शंभर टक्के स्वच्छ झाला असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये. पण तीन आठवडे सलग एवढे कष्ट औषधाशिवाय अशक्यच आहेत, हा समजही टिकत नाही. ते शक्य होण्यामागे वाऱ्याचा आडोसा आहे, खाण्याचं काटेकोर वेळापत्रक आहे, आणि दिवसाचे उरलेले अठरा-एकोणीस तास अंगाला विश्रांती देण्याची शिस्त आहे.

नाशिकच्या महाजन बंधूंनी केलं ते हेच का?

नाही, आणि हा गोंधळ आपल्याकडे फार होतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघानं रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्यानं पुरी केली. ती अमेरिका आडवी पार करणारी, जवळपास पाच हजार किलोमीटरची शर्यत आहे. तिथे घड्याळ थांबत नाही. झोपलात तर झोपेचा वेळही मोजला जातो. एकट्याच्या गटात पुढच्याच्या आडोशाला चालायला बंदी. म्हणजे टूरमध्ये जो वारा चुकवायचा असतो, तोच तिथे दिवसरात्र एकट्यानं अंगावर घ्यायचा. दोन्ही कठीण, पण दोन वेगळे खेळ.

पुण्याच्या शर्यतीचा दर्जा काय होता?

बातम्यांत "२.२" असा आकडा आला होता. जागतिक सायकलिंग संघटनेची, म्हणजे यूसीआयची, ती पद्धत आहे. आधीचा २ म्हणजे अनेक दिवसांची शर्यत. एका दिवसाची असेल तर तिथे १ येतो. पुढचा अंक दर्जा सांगतो, आणि २ ही त्यातली सुरुवातीची पायरी. टूर द फ्रान्स सर्वांत वरच्या, वर्ल्ड टूर गटात. २.२ च्या शर्यतीत त्या वरच्या गटातले संघ उतरूच शकत नाहीत, त्यामुळे चार टूर जिंकलेला तादे पोगाचार पुण्यात का आला नाही, असं विचारायचं कारण नाही. पायरी लहान म्हणून शर्यत लहान असंही नाही. इथे मिळणारे यूसीआय गुण खेळाडूच्या आणि देशाच्या क्रमवारीत जमा होतात, आणि ऑलिंपिकच्या रोड शर्यतीत कुठल्या देशाला किती जागा, हे क्रमवारीवर ठरतं.

भारतीय सायकलस्वारांकडे पाय नाहीत असं नाही. बोरघाट दमदारपणे चढणारी मुलं आपल्याकडे दर पिढीत झाली. कमी पडते ती घोळक्याची सवय. शंभर जणांत, ताशी ५० च्या वेगात, पुढच्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर, कोपराला कोपर लागत असताना न घाबरता चालणं हे एकट्यानं सिंहगडाच्या फेऱ्या मारून येत नाही. बाजूचा वारा सुटला की तिरक्या रांगेत शिरायचं कधी, पळालेल्यांना सोडायचं किती, आज आपण नेत्यासाठी थांबायचं की स्वतःसाठी जायचं, हे निर्णय एका सेकंदात घ्यावे लागतात आणि ते शर्यतीतच शिकता येतात. बाहेर जाऊन शिकायचं तर व्हिसा, प्रवास, सायकलींची ने-आण, सगळाच खर्च. घरच्या रस्त्यावर दर वर्षी अशी शर्यत झाली, तर अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना तो अनुभव पासपोर्टाशिवाय मिळेल. महिलांची अशीच शर्यत त्याच रस्त्यांवर व्हावी, हीही माझी मागणी आहे. २०२४ ची ती चार सेकंदांची टूर पाहिलेल्या कुणालाही तिचं कारण विचारावं लागणार नाही.